आजोबांचा थोरला कोण

थर्माकोलचा हाताएवढा तुकडा. त्यात खोचलेली, अर्धी जळलेली उदबत्ती. असला कचरा समुद्रात रोज दिसतो.

*

समुद्राच्या तळाशी शांतता नसते. तिथे कोळंब्या दिवसरात्र आपले चिमटे वाजवत असतात. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी तापल्या तेलात ओले मासे सोडतंय आणि ते तळून कधी होतच नाहीत.

*

आमच्या गावात थोरल्या मुलाला ‘दुसरा’ म्हणतात. पहिल्यावर सगळ्यांचा डोळा असतो, भुताखेतांचाही, म्हणून पहिली जागा रिकामी ठेवायची. माझे बाबा भावंडांत तिसरे, म्हणून गावभर ‘चौथे’.

*

माझा लग्नाचा लाल झगा शिंप्याकडे तीनदा गेला. एकदा शिवायला, एकदा सैल करायला, एकदा पुन्हा घट्ट करायला. मधल्या काळात आधी नवऱ्याची आजी वारली आणि मग वादळ आलं, लग्न दोनदा पुढे गेलं.

*

“मुलगी करते काय?”

“समुद्राला कान लावून बसते.”

“मग समुद्र काय म्हणतो?”

“अजून काही नाही. पण पगार मिळतो.”

(शेजारीण आणि माझी आई, कुंपणावरून.)

*

सातवेकाकांच्या बोटीचं इंजिन खोकतं. तीन ठोके नीट आणि चौथ्याला खोकला. काका म्हणतात, इंजिन म्हातारं झालेलं नाही, त्याला बोलायची हौस आहे.

*

हे सगळं एकाच दिवशी एकमेकांवर येऊन आपटलं, ते असं.

मी लाय. गाव मूई एन, समुद्रात घुसलेलं टोक. मी शहरातल्या संस्थेत पाण्याखालचे आवाज अभ्यासते, म्हणजे डॉल्फिनच्या शिट्ट्या आणि देवमाशांचे हुंकार. खरं तर गावात ‘देवमासा’ हा शब्द उच्चारला तर तोंडावर मारतील. ते आजोबा. डॉल्फिन म्हणजे मामा. आजोबांनी वादळात पाठीवर घेऊन किनाऱ्याला आणलेल्या माणसांची नातवंडं गावात निम्मी तरी आहेत, निदान तसं सांगणारी.

त्या हंगामात कासवखडकाजवळ एक तरुण आजोबा फिरत होते. (हो, तरुण असले तरी आजोबाच.) त्यांचं बोलणं टिपायला मी खडकाच्या पायाशी माझा रेकॉर्डर सोडून ठेवला होता. नळकांड्यासारखं यंत्र, त्याला पाण्यातला मायक्रोफोन. मधूनमधून बाबांच्या बोटीने जायचं, ते वर ओढायचं, त्यातले आवाज काढून घ्यायचे आणि परत सोडायचं.

त्या सकाळी आम्ही दोघं तेच करायला गेलो होतो. यंत्र वर आलं, मी दोरी गुंडाळत होते.

“लाय,” बाबा म्हणाले, “इंजिन बंद कर.”

मी वळून पाहिलं. खडकाच्या पलीकडे आजोबा पोटावर आकाश घेऊन तरंगत होते. लहानच होते, शहराच्या बसमध्ये मावले असते.

बाबांनी टोपी काढली. वाकून बोटीच्या काठावर तीनदा ठोकलं. टक. टक. टक. आजोबांना हाक द्यायची पद्धत ती. उत्तर आलं नाही. बाबांचे डोळे भरले, आणि त्याच वेळी त्यांचे ओठ आवरत नव्हते. कुणाचा बाप मरावा आणि त्याच क्षणी त्याला लॉटरी लागावी, तसा चेहरा झाला होता.

कारण आमच्याकडे गेलेले आजोबा जो पहिल्यांदा बघतो, तो त्यांचा थोरला मुलगा होतो. डोक्याला पांढरी पट्टी, अंत्ययात्रेत सगळ्यांच्या पुढे, आणि देवळात नाव. सातवेकाकांचे वडील असे थोरले झाले होते. सातवेकाका ही गोष्ट प्रत्येक जेवणात, दुसऱ्या पेल्यानंतर, सांगतात. बाबा ती तरुणपणापासून ऐकत आलेत आणि दर वेळी त्यांचा घास तिथेच अडकतो.

आणि हे सातवेकाका माझे होणारे सासरे.

“बाबा,” मी म्हटलं, “याच आठवड्यात, सोळाला, माझं लग्न आहे.”

“हो ना,” बाबा म्हणाले. आज भरती आहे, असं कुणी सांगितल्यासारखं.

थोरल्या मुलाच्या घरी शोक असतो. हाडं वर काढून देवळात ठेवेपर्यंत, म्हणजे तीन वर्षं. शोकाच्या घरात लग्न होत नाही.

“तीन वर्षांनी मी सदतिसाची होईन.”

बाबांनी आजोबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत आजोबांकडे पाहिलं.

“आईला फोन लाव,” ते म्हणाले.

आईने सगळं ऐकून घेतलं. “डोळे मिटा आणि परत या,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला तरी सापडतील.”

“आजोबांकडे पाठ फिरवू?” बाबा ओरडले.

“मग फिरवू नका. बोट उलटी चालवत या.”

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि दोर सोडायला घेतला. आजोबांच्या अंगाला लागून थर्माकोलचा एक तुकडा डुलत होता, त्यात उदबत्तीचं थोटूक. बाबांनी तो वल्ह्याने बाजूला सारला. “लोक कुठेही कचरा टाकतात,” ते म्हणाले.

*

किनाऱ्यावर सगळं गाव उभं. आजोबांना लाल कापडाखाली ठेवलं, बायकांनी भाताच्या दारूने त्यांचं अंग धुवायला घेतलं. देवळाचे क्वेनतात्या पांढऱ्या कापडाचा पट्टा घेऊन आले. सातवेकाका मात्र बाजूला बसून जाळं शिवत होते. शिवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“अभिनंदन, चौथ्या,” ते मान वर न करता म्हणाले.

एवढंच. वडिलांचं नावही काढलं नाही. मला वाटलं, जळतायत.

तात्या पट्टा घेऊन बाबांच्या कपाळापर्यंत पोचले. गर्दीत ठिन उभा होता, माझा होणारा नवरा. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याच्या हातात पाना होता आणि तोंडावर, आजी गेली तेव्हा होती तीच कळा.

“थांबा, तात्या,” मी म्हटलं. “बाबाच पहिले कशावरून?”

बाबांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही.

“माझं यंत्र रात्रभर तिथे तळाशी होतं. आधी दुसरी कुठली बोट आली असेल तर तिचं इंजिन त्यात ऐकू येईल. न ऐकता पट्टी बांधायची?”

मला अगदी खात्री होती, कुणी आलेलं नसणार. मला फक्त वेळ हवा होता. वेळ घेऊन काय करायचं हेही ठरलं नव्हतं.

सातवेकाका जाळं टाकून उठले. “यंत्राला काय कळतं? यंत्राला डोळे आहेत?”

“कान आहेत, काका.”

“जो बघतो तो थोरला. ऐकणारा थोरला झाल्याचं मी तरी ऐकलं नाही!”

“बघायला तिथवर जावं लागतं,” तात्या सावकाश म्हणाले. “जायला बोट लागते. बोटीला इंजिन लागतं. पट्टी चुकीच्या कपाळाला बांधली तर आजोबा आपल्याला वाऱ्यावर सोडतील. ऐकू या. पण सूर्य मावळायच्या आत माती द्यायची आहे.” त्यांनी नाकावर बोट ठेवलं. का, ते सगळ्यांना कळत होतं.

इथे माझी आई पुढे झाली. “म्हणजे तात्या, ऐकून होईपर्यंत शोक कुणाच्याच घरी नाही?”

तात्यांनी विचार केला. “पट्टी बांधेपर्यंत नाही.”

आई माझ्याकडे वळली. “झगा घाल.”

घरात कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की शोक लागायच्या आत लग्न उरकतात. ती रीत सगळ्यांना माहीत. पण कुणी असं गेल्यावर, कपडा पांघरून किनाऱ्यावर ठेवलेलं असताना? लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात सगळ्यात मोठा आवाज आला तो सातवेकाकांचा.

“विहीणबाई बरोबर बोलतायत! आत्ताच! आत्ताच्या आत्ता! ठिन, हात धू!” आणि गुडघेदुखीचा तो माणूस घराकडे चक्क पळाला.

*

गावात लाउडस्पीकरची पेटी एकच. लग्नात गाणी म्हणायला ती सोळा तारखेसाठी मागून ठेवलेली होती. आता ती देवळात नेली, माझ्या लॅपटॉपला जोडली. मी आवाज मध्यरात्रीपासून लावला.

खरं सांगायचं तर यंत्र आवाजाचं चित्रही काढतं. इंजिन आलं की त्यात जाड पट्टे दिसतात. ते चित्र उघडलं असतं तर चहा पिऊन होईपर्यंत निकाल लागला असता. ते उघडायचं कसं हे गावात फक्त मला माहीत होतं आणि मी ते उघडलं नाही.

“पूर्ण ऐकावं लागेल,” मी म्हाताऱ्यांना सांगितलं. “घाई केली तर चूक होईल.”

“अशा कामात घाई नकोच,” तात्या म्हणाले आणि मांडी घालून बसले.

*पेटीतून:* तड् तड् तड् तड् तड्.

“हे काय तळतायत?”

“कोळंब्या आहेत, तात्या. जिवंत.”

“मग ओरडतायत का?”

“बोलतायत.”

“इतकं?”

मी घरी पळाले. आईने झग्यात मला कोंबलं. तिसऱ्या खेपेला घट्ट केलेला होता आणि मधल्या काळात मी काही बारीक झाले नव्हते.

“श्वास घेऊ नकोस,” आई म्हणाली. “संध्याकाळी घे.”

*पेटीतून:* तड् तड् तड्. मग लांबून एक शिट्टी, तिच्यावर दुसरी, वर जाऊन वळणारी.

“मामा आले,” तात्यांचा आवाज आला. पेटीच्या कर्ण्याचं तोंड गावाकडे होतं, त्यामुळे सगळं सगळ्यांना ऐकू येत होतं. आमच्या अंगणात भाजी चिरणाऱ्या बायकांनी सुऱ्या ठेवून हात जोडले.

बाबा दाराशी बसले होते. नवा सदरा, त्याला बटणं चुकीची लावलेली.

“बाबा, रागावलात?”

“नाही गं.” मग हळूच म्हणाले, “कुणी आलेलं नसणारच ना त्यात?”

“नसणार.”

“मग संध्याकाळी बांधतीलच मला.” ते एकदम उजळले. “आणि तुझंही झालेलं असेल. तू डोक्याने आईवर गेलीस.”

*पेटीतून:* हुंकार.

कसा सांगू? दूरच्या खोलीत कुणीतरी जड कपाट सरकवतंय, असा. तो आवाज कानाला कमी आणि अंगणातल्या पाण्याच्या हंड्याला जास्त कळला. हंड्यातलं पाणी थरथरलं. पुन्हा एक. मग बराच वेळ फक्त कोळंब्या. मग तिसरा, मधेच तुटलेला.

त्यानंतर आजोबा बोलले नाहीत.

गावात कुणी हलेना. आमच्या देवळात आजोबांची हाडं रचून ठेवली आहेत, कितीतरी पिढ्यांची, पण आवाज कुणी ऐकला नव्हता. मी देवळाच्या पायरीपर्यंत गेले. तात्यांनी डोळे पुसले.

“काय म्हणाले ते?”

“माहीत नाही, तात्या.”

“इतकी वर्षं शिकून?”

“शोधतेय अजून.”

तात्यांनी मान हलवली. “पगार मिळतो ना पण?”

*

वरात म्हणजे आमच्या दारातून निघून देवळासमोरून ठिनच्या दारात. सुपारी, चहा, चिकट भात, लाल कापडं घातलेली तबकं. अंगणातले पाहुणे निम्मे लग्नाच्या कपड्यांत, निम्मे अंत्ययात्रेच्या. काहींनी दोन्ही घातले होते, आतून एक, बाहेरून एक. वारा किनाऱ्याकडून येत होता. बायकांनी बाहीआडून नाकाला आल्याचे तुकडे लावले.

ठिन दारात उभा. कोट आजोळच्या कुणाचा तरी, नखांत काळं तेल.

“आज तरी होईल ना?” तो कुजबुजला.

“बोलू नकोस. मी श्वास घेत नाहीये.”

आमच्यात मुलगी सासरच्या पूर्वजांपुढे उदबत्ती लावून वाकली की लग्न झालं. त्याआधीचं सगळं खाणंपिणं. मी उंबरठ्यावर पाय ठेवला.

*पेटीतून:* तड् तड् तड्. आणि त्यांच्या मागे, खूप लांब, एक इंजिन.

मी थांबले. ठिन थांबला. अंगणातला प्रत्येक माणूस थांबला. आवाज जवळ येत होता.

तीन ठोके नीट. चौथ्याला खोकला.

तीन ठोके नीट. खोकला.

आमच्या गावात तान्ह्या मुलालाही ते इंजिन ओळखता आलं असतं. “लग्न झालं की दुरुस्त करणार होतो ते,” ठिन पुटपुटला आणि एकदम मोठमोठ्याने खोकायला लागला, पेटीतल्या खोकल्याच्या बरोबर तालात. त्याने उलट एवढंच झालं की ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही गेलं.

मी सातवेकाकांकडे पाहिलं. ते पूर्वजांच्या चौरंगाशी पेटती उदबत्ती हातात घेऊन उभे होते.

“पोरी,” ते हळूच म्हणाले, “लवकर वाक गं.”

*पेटीतून:* इंजिन बंद पडलं. म्हणजे, बंद केलं.

मी उदबत्ती घेतली.

*पेटीतून:* टक. टक. टक.

लाकडावर तीन ठोके. हाक.

मी वाकले. बगलेत झगा फाटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा वाकले. उदबत्ती राखेत खोचली. पेटीतून बराच वेळ नुसत्या कोळंब्या ऐकू येत होत्या. कुणी पळून जात असेल तर एवढा वेळ थांबत नाही. मग इंजिन पुन्हा सुरू झालं, खोकलं, आणि दूर दूर गेलं.

“झालं,” आई म्हणाली. “लागलं लग्न. आता काय ते बोला.”

*

सातवेकाका स्वतःच देवळात गेले आणि तात्यांसमोर गुडघे टेकून बसले. मागोमाग सगळं गाव. मी फाटक्या बगलेवर हात ठेवून.

“पाहिलंस,” तात्या म्हणाले, “आणि पळालास?”

“पळालो नाही, तात्या. ठोकलं. उदबत्ती लावली. खाली ठेवायला काही नव्हतं, म्हणून बर्फाच्या पेटीचं झाकण मोडलं आणि त्यावर लावली.”

“थर्माकोल!” बाबा ओरडले. “तो तुझा होता?”

“माफी मागितली. म्हटलं, आजोबा, पोराचं लग्न दोनदा मोडता मोडता राहिलंय. सोळापर्यंत कुणाला दिसू नका. खडकामागे राहा. सतराला पहाटे मी स्वतः येतो आणि पहिल्यांदा बघतो.”

कुणीतरी हसलं. मग तात्याच हसले, तोंडावर कापडाचा पट्टा धरून.

“आणि सकाळी या चौथ्याने तुला अभिनंदन करायला लावलं.”

“घशाखाली उतरलं नाही, तात्या.”

आता सगळे बाबांकडे बघत होते. बाबांनी सदऱ्याचं एक बटण काढलं आणि परत त्याच चुकीच्या काजात घातलं. मला त्यांच्याकडे बघवेना. मीच यंत्र लावलं होतं. उभ्या आयुष्यात एकदा मिळालेली गोष्ट सकाळी हाताशी आली होती आणि दुपारी पुन्हा त्याच घरी चालली होती, जिथून ती दर जेवणात ऐकू यायची.

“हा पहिला,” बाबा शेवटी म्हणाले. “मान्य. सगळ्यांनी ऐकलं. पण तात्या, आपल्यात पहिला असा कुणी असतो का?”

“म्हणजे?”

“पहिली जागा रिकामी ठेवतो ना आपण? थोरला म्हणजे दुसरा. आज पहिला हा आला. दुसरा कोण आला?”

देवळात एकदम कालवा झाला. सातवेकाका गुडघ्यांवरून उठले. “वा रे व्याही! मी पोराच्या लग्नापायी बापाला खडकामागे ठेवून आलो, नि तू आता बोटं मोजतोस?”

“मी मुलीचं लग्न पणाला लावून बापाला घरी आणलं!”

“पणाला लग्न मुलीचं लागलं, तुझं नाही!”

“मुलगी कुणाची?”

“आता माझी!” सातवेकाका म्हणाले.

तात्यांनी हात वर केला. पांढरा पट्टा दातांत धरला आणि मधोमध फाडला. त्या दिवशी फाटलेलं दुसरं कापड.

“तिरडीला पुढे दोन खांदे लागतात,” ते म्हणाले. “वाका दोघं.”

*

दुपारी नवरी होते, उन्हं उतरता उतरता माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही बाजूंनी आजोबांची नात. लाल झग्यावर आईने पांढरी पट्टी बांधली आणि बगलेत सेफ्टीपिन लावली. जेवण झालंच नाही. शोकाच्या घरी लग्नाच्या पंगती कशा बसवणार? ठिन मागच्या तीस-चाळीस खांद्यांत होता, मी उदबत्त्यांच्या तबकाजवळ. आम्ही एकमेकांकडे बघून हसायचं नाही असं ठरवलं आणि ते जमलं नाही.

पुढे बाबा आणि सातवेकाका. वाळूचा रस्ता देवळामागे जरा वर चढतो, तिथे दोघंही एकमेकांच्या अर्धं पाऊल पुढे राहायला बघत होते, त्यामुळे तिरडी फार वेगाने चालली होती.

“हळू,” तात्या मागून ओरडले, “आजोबांना घाई नाही.”

“याला सांगा,” बाबा म्हणाले.

“माझे वडील थोरले झाले तेव्हा,” सातवेकाकांनी सुरुवात केली.

“माझेही वडील आहेत हे,” बाबा म्हणाले. “गप चाल.”

*

त्या पहाटे सातवेकाका कासवखडकाकडे गेले होते ते माझ्या लग्नाच्या जेवणासाठी माकूळ धरायला.